बाबेलच्या पाटीचा तपासनीस

‘सुमारे’ हा शब्द सरांना शिवीसारखा लागायचा.

गोविंदपुऱ्यात आमचा छोटा कारखाना होता. मोठ्या मशिनींना लागणारे सुटे भाग आम्ही बनवायचो. सर तिथे तपासणी विभागाचे प्रमुख आणि मी डिप्लोमा करून नुकतीच लागलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका शाफ्टचा व्यास विचारला. मी म्हटलं, "सर, सुमारे चाळीस."

त्यांनी चष्मा काढला, बुशशर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं, की मला वाटलं माझ्या नाकातून रक्त येतंय.

"अगं, सुमारे चाळीस तर फाटकाबाहेरचा चहावालाही सांगेल. माप सांग. आणि मापाची शंका सांग."

मापाची शंका म्हणजे काय, ते मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. सरांचं म्हणणं असं, की जगात नुसतं माप कधीच नसतं. मोजणाऱ्याचा हात असतो, मोजायचं साधन असतं, त्या दिवशीची गरमी असते; या सगळ्यांनी मिळून माप किती इकडेतिकडे गेलं असेल, ते सांगितल्याशिवाय माप अर्धंच. जो शंका सांगत नाही तो एक तर अडाणी, नाही तर लबाड. "आणि अडाणी परवडला," असंही ते म्हणायचे.

दिसायला बुटके, काटकुळे. बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, एक निळं पेन आणि एक लाल. लाल पेन फक्त स्वतःच्या चुकांसाठी. दुसऱ्याच्या चुका ते निळ्याने लिहायचे. वेळ विचारली तर "चार वाजून सात, घड्याळ दीड मिनिट पुढे आहे" असं उत्तर यायचं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मूळच्या नागपूरच्या आणि सरकारी कचेरीत नोकरीला. शिवाजीनगरचं क्वार्टर त्यांच्याच नावावर मिळालेलं होतं. आमचंही घर दोन गल्ल्या सोडून. काकू मला म्हणायच्या, "आमटीत मीठ बरोबर आहे का, एवढं यांना विचारू नको बाई. आमटी थंड होते."

कारखान्यातले लोक हसायचे त्यांना. ऑपरेटर पोरं आपसात इथल्या हिंदीत म्हणायची, "को खां, इंच-टेप आ रिया है." पण ते जवळ आले की बिड्या विझायच्या. याचं कारण एका गेजचं प्रकरण होतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्याकडे एक मुख्य गेज होतं. त्यावरून बाकीची सगळी मापं तपासायची, आणि ते दरवर्षी सर स्वतः प्रमाणित करायचे. एके दिवशी त्यांना जाणवलं, की तीन महिन्यांपूर्वी ते प्रमाणित करताना आपल्या हातून वाचनात चूक झाली होती. चूक केसाएवढीही नव्हती. दुसऱ्या कोणाच्या ती आयुष्यात लक्षात आली नसती, एकही भाग परत आला नव्हता. सरांनी दुपारच्या सुट्टीत नोटीस बोर्डावर लाल शाईने कागद लावला: ‘मुख्य गेजचं प्रमाणपत्र चुकीचं होतं. चूक माझी. तीन महिन्यांतला सगळा माल पुन्हा तपासावा लागेल.’ खाली सही. मालक धावत आले, म्हणाले, "अहो, कशाला? चाललंय ना सगळं!" सर म्हणाले, "चाललंय, ते मला माहीत आहे. बरोबर आहे का, ते माहीत नाही." पंधरा दिवस सर, मी आणि आणखी दोघं, ढिगाऱ्यात बसून एकेक भाग पुन्हा मोजत होतो. दोन भाग सदोष निघाले. सरांनी ते दोन भाग हातात धरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी लोकांच्या चेहऱ्यावर लग्नात सुद्धा फार पाहिलेलं नाही.

अशा माणसाकडे याकोबरावांनी आपला वाद आणला.

याकोबराव आमच्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन. अचलपूरकडचे मराठी ख्रिस्ती. उंच, भरदार, आवाज असा की ड्रॉईंग हॉलमध्ये बोलले तर भट्टीपर्यंत ऐकू यावं. करोंदला धान्य मंडीजवळ त्यांचं लहानसं घर होतं आणि तिथे दर रविवारी दहा-बारा माणसं प्रार्थनेला जमायची. याकोबराव त्यांना शास्त्र समजावून सांगायचे. त्यासाठी त्यांनी ट्रेसिंग पेपरच्या लांबलचक गुंडाळीवर काळ्या शाईने एक तक्ता काढला होता. आदामापासून आजपर्यंतचा सगळा काळ, वर्षावर वर्ष, शिडीसारखा. तीस वर्षांचं काम. अक्षरं अशी, की छापील वाटावीत. तो तक्ता उलगडला की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचा आणि वळून परत यायचा.

त्या सगळ्या शिडीला एक खुंटी होती. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं आणि लोकांना धरून नेलं, ते वर्ष. याकोबरावांच्या तक्त्यात ते होतं इसवी सनापूर्वी सहाशे सात. शास्त्रात सत्तर वर्षांचा बंदिवास सांगितलाय. लोक परत आले त्या वर्षापासून सत्तर मागे मोजली, की सहाशे सात येतं. पुढची सगळी भाकितं, आपण आज कोणत्या काळात उभे आहोत इथपर्यंत, त्या एका खुंटीला टांगलेली.

त्यांची मुलगी रूथ शाळेत इतिहास शिकवायची. तिने एकदा भर प्रार्थनेत उठून सांगितलं, "बाबा, हे वर्ष चूक आहे. सगळे इतिहासकार पाचशे सत्त्याऐंशीच्या आसपास म्हणतात. वीस वर्षांचा फरक आहे." याकोबराव म्हणाले, "इतिहासकारांनी लिहिलेलं मोठं, की देवाने सांगितलेलं?" ती म्हणाली, "देवाने सहाशे सात कुठे सांगितलंय? ते तुम्ही मोजलंय." बस्स. लोकांसमोर बोलली, हे त्यांना जास्त लागलं. याला आता सहा वर्षं झाली होती, आणि बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच शहरात राहून. नातू झाला, तोही त्यांनी फोटोत पाहिला.

एक दिवस डबा खाताना याकोबराव सरांना म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, तुमचं काही घेणंदेणं नाही यात. ना तुम्ही आमच्या धर्माचे, ना तुम्ही इतिहासकार. तुम्ही तपासा. जे निघेल ते सांगा."

सरांनी पोळीचा घास खाली ठेवला. "कशावरून तपासू?"

"ते तुम्ही पाहा जी. तुमचं काम आहे ते."

मी तिथेच होते. मला वाटलं, गमतीत चाललंय. पण त्या क्षणापासून पुढची चार वर्षं त्या माणसाने दुसरं काही केलं नाही. निवृत्त झाले त्याच वर्षी, म्हणून वेळही होता. महिनाभराने मी काकूंना भेटायला गेले, तर क्वार्टरच्या कुंपणाच्या भिंतीवर ओल्या मातीच्या वड्या वाळत घातलेल्या. हातभर ओळीने, आणि त्यांवर चिमणीच्या पायांसारखे ठसे.

"सांडगे घातलेत का काकू?"

"यांना विचार," काकू म्हणाल्या. "मी आता विचारणं सोडलं."

सर बांबूची चिरलेली काडी घेऊन आतून बाहेर आले. हात कोपरापर्यंत मातीचे. "बाबेलचे आकडे," ते म्हणाले. "उभा ठसा म्हणजे एक. कोपऱ्याचा ठसा म्हणजे दहा. अगदी सोपं. अक्षरं पंडितांनी वाचलीत, ती मी मान्य करतो. पण आकडे मी स्वतः वाचणार. हाताने उठवल्याशिवाय डोळ्याला कळत नाहीत."

मग त्यांनी मला बसवून सांगितलं. बाबेलमध्ये शेकडो वर्षं काही कारकून रोज आकाश पाहत आणि मातीच्या पाटीवर लिहून ठेवत. चंद्र कोणत्या ताऱ्याच्या पुढे किती हात, किती बोटं. कोणता ग्रह कुठे. त्याखाली त्या महिन्यात जवाचा, खजुराचा, तिळाचा भाव. नदीचं पाणी किती चढलं. आणि गावात काही घडलं असेल तर तेही. त्यांतली एक पाटी नबुखद्नेस्सराच्या सदतिसाव्या वर्षाची आहे. राजाच्या कितव्या वर्षी यरुशलेम पडलं, ते शास्त्रातच लिहिलेलं आहे. म्हणजे सदतिसावं वर्ष कोणतं हे आकाशावरून ठरलं, की बोटावर मागे मोजायचं.

"अगं, हे इन्स्पेक्शन रिपोर्ट आहेत!" त्यांचा आवाज चक्क कापत होता. "अडीच हजार वर्षांपूर्वीचे. आणि बघ, ढग असले तर लिहिलंय: ढग होते, पाहिलं नाही. पाहिलं नाही! मनाने भरलं नाही काही. आपल्याकडे रात्रपाळीचं रजिस्टर बघ, सगळे रकाने भरलेले असतात की नाही?"

त्या पाटीवर असंही होतं, की एक लांडगा गावात शिरला आणि त्याने दोन कुत्री मारली. सर ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे. चंद्र, शनी, जवाचा भाव आणि लांडगा. सगळं एकाच अक्षरात, एकाच इमानाने.

तेव्हापासून त्यांनी स्वतःही तशी वही सुरू केली. ज्याचं काम तपासायचं, त्याचं काम आधी करून बघायचं, हा त्यांचा नियम. रोज संध्याकाळी लोखंडी शिडीने गच्चीवर जायचं, हात लांब करून बोटांनी चंद्र आणि तारा यांतलं अंतर मोजायचं. आठवड्यातून एकदा मोठ्या तलावावर जाऊन एका ठरलेल्या पायरीवर पाणी कुठवर आलंय ते पाहायचं. करोंद मंडीतला गव्हाचा भाव याकोबराव फोनवर सांगायचे. आणि शेवटी गावातली बातमी: ‘शाळेत माकड शिरलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर बसलं. आपण होऊन गेलं.’

एका संध्याकाळी त्यांनी मला वर नेलं होतं. तलावाच्या बाजूला आकाश अजून तांबूस होतं आणि अमावास्येनंतरची पहिली कोर, नखासारखी, नुकती दिसू लागली होती. सर हात लांब करून उभे होते. म्हणाले, "तोही असाच उभा राहिला असेल. नाव माहीत नाही त्याचं. राजाचं नाव सगळ्यांना माहीत. पण राजाचं वर्ष आज कोणाच्या शब्दावर ठरतंय? या कारकुनाच्या." मी त्या कोरीकडे पाहत होते, पण खरं सांगायचं तर मी सरांकडेच पाहत होते. आयुष्यभर मिलिमीटरच्या आत राहिलेला हा माणूस, आणि त्याचा हात आता कुठे पोचला होता!

आजकाल संगणकावर हव्या त्या दिवसाचं आकाश दिसतं. सरांनी ते वापरलं, पण आधी त्यालाही तपासलं. पूर्वी गच्चीवरून त्यांनी एक चंद्रग्रहण मिनिट-मिनिट टिपलं होतं. ते संगणकाकडून काढून घेतलं आणि जुळल्यावरच पुढे गेले. मग पाटीवरची एकेक नोंद घेऊन दोन्ही वर्षांना लावून पाहिली. राजाचं सदतिसावं वर्ष पाचशे अडुसष्ट धरलं, तर यरुशलेम एकोणीसेक वर्षं आधी पडलं, म्हणजे रूथची बाजू. आणि पाचशे अठ्ठ्याऐंशी, म्हणजे याकोबरावांची. मला आश्चर्य याचं वाटायचं, की याकोबरावांच्या वर्षावर त्यांनी दुप्पट मेहनत घेतली. महिना एक मागे सरकवून बघ, पुढे सरकवून बघ, पाटी वाचण्यात चूक झाली असेल असं धरून बघ. मी विचारलं, तर म्हणाले, "जो हरतोय असं वाटतं, त्याला जास्त संधी द्यायची. नाही तर तपासणी कसली?"

चौथ्या वर्षी उत्तर आलं. रूथ बरोबर होती.

तोवर सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, म्हणून करोंदला मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेले. मांडीवर फाईल. मंडीच्या वळणावर, गव्हाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत आम्ही अडकलो तेव्हा म्हणाले, "पंचावन्न पानं आहेत. आणि त्या माणसाची तीस वर्षं आहेत."

याकोबरावांनी कागद पलंगावर मांडले. ड्राफ्ट्समन माणूस, कागद वाचायची सवय. दुपारचे दीड ते साडेचार, तीन तास त्यांनी पानावर पान वाचलं. मध्येच त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं.

"हे बसत नाही साहेब. नवव्या रात्री चंद्र सिंहाच्या मागच्या पायापुढे एक हात, असं पाटीवर आहे. तुमच्या गणितात ते आठव्या रात्री येतं."

"हो," सर म्हणाले. "बसत नाही. ते मी पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय."

"म्हणजे पाटीच चूक!"

"एका ठिकाणी चूक. एक ठसा जास्त उठलाय. ही पाटी मूळची नाही, जुनी पाटी पाहून नंतर केलेली नक्कल आहे."

"नक्कल आहे ना? मग राजाचं वर्षही नकलणाऱ्याने चुकवलं असेल!" याकोबराव उभेच राहिले. त्यांच्या आवाजात पुन्हा जीव आला होता.

सरांनी मान हलवली. "तेही मी धरून पाहिलं. या नकलणाऱ्याने, जिथे मूळ पाटी फुटलेली होती तिथे ‘फुटलेलं’ असं लिहिलंय. जो फुटलेल्या जागी फुटलं लिहितो, तो राजाचं वर्ष मनाने घालेल असं मला वाटत नाही. पण माणूस चांगला म्हणून माप बरोबर होत नाही. म्हणून दुसऱ्या पाट्या घेतल्या. ग्रहणांची यादी आहे, अठरा-अठरा वर्षांच्या रकान्यांत मांडलेली, राजांच्या वर्षांसकट. तीही त्याच ठिकाणी येते. एका गेजवर बॅच पास करायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"पण चंद्राच्या काही नोंदी माझ्या वर्षालाही लागतात. तुम्हीच लिहिलंय."

"चंद्र दर महिन्याला फिरून येतो, याकोबराव. त्याला कुठेही बसवता येतं. शनी तसा नाही." सर पुढे झुकले. "आमच्याकडे साडेसाती म्हणतात, ऐकलंय ना? एका राशीत अडीच वर्षं. पूर्ण फेरा तीस वर्षांचा, थोडा कमी. पाटी म्हणते, शनी मीनेच्या तोंडाशी होता. पाचशे अडुसष्टला तो तिथेच आहे. वीस वर्षं मागे गेलात तर आठ राशी सरकतो. मिथुन आणि कर्क यांच्या सांध्यावर जाऊन बसतो. जवळच्या बाजूने मोजलं तरी चार राशी लांब. कितीही शंका धरली तरी तेवढी चूक कोणाच्या हाताने होत नाही."

याकोबराव खाली बसले. पंखा फिरत होता आणि पानं उडू नयेत म्हणून मी हाताने दाबून धरली होती. ते म्हणाले, "मला स्वतः पाहायचंय. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण..."

"विश्वास ठेवूच नका," सर म्हणाले. आणि पहिल्यांदाच हसले.

पुढचे आठ महिने याकोबराव आठवड्यातून दोन संध्याकाळी करोंदहून शिवाजीनगरला यायचे. तो भरदार देह लोखंडी शिडीवर चढताना काकूंचा जीव खालीवर व्हायचा. दोघं म्हातारे हात लांब करून आकाशाला बोटं लावायचे, खाली येऊन पाटीशी ताडून बघायचे, भांडायचे, चहा प्यायचे. एकदा याकोबराव रागाने निघून गेले आणि चौकातून परत आले, कारण छत्री राहिली होती. छत्री घ्यायला आले ते पुन्हा तासभर भांडून गेले.

मग एका सकाळी सरांना फोन आला, "येऊन जा." मी कामावरून सुट्टी घेऊन त्यांना नेलं. याकोबरावांनी तक्ता जमिनीवर उलगडून ठेवला होता. हातात दाढीचं अर्धं पातं होतं. ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही; ती पात्याने, कागद न फाडता, हलक्या हाताने खरवडून काढावी लागते. जुन्या ड्राफ्ट्समनांची ती कला. त्यांनी सहाशे सातवर पातं टेकवलं आणि थांबले. तीस वर्षांपूर्वी ते आकडे याच हाताने लिहिले होते.

"मी धरू का दुसरं टोक?" सरांनी विचारलं.

"नको. माझं मीच."

शाईची काळी भुकटी जमत गेली. आकडा गेला, पण त्याच्या खालच्या ओळीही त्याच्यावर उभ्या होत्या. त्याही गेल्या. दुपारपर्यंत तीन हात तक्ता कोरा झाला होता. परत येताना स्कूटरवर सर माझ्या पाठीमागून म्हणाले, "मी त्या माणसाचं काय केलं गं?" माप देताना कधी न डगमगलेल्या सरांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

त्या रविवारी याकोबरावांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना बसवून घेतलं. सर आत गेले नाहीत, व्हरांड्यात उभे राहिले. मीही त्यांच्याजवळ. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. याकोबरावांनी तक्ता उलगडला, कोरी जागा दाखवली आणि सांगितलं, की इतकी वर्षं सांगितलेलं वर्ष चूक होतं.

एक गृहस्थ उठले. "तीस वर्षं तुम्ही आम्हाला हेच शिकवलं!"

"चूक शिकवलं. मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं, तर आता सांगतो."

"आणि देवाचं वचन?"

"वचन जिथे होतं तिथेच आहे," याकोबराव म्हणाले. "मोजणारा मी होतो."

पाच माणसं उठून गेली. त्यांतला एक व्हरांड्यात सरांपाशी थांबला आणि हिंदीत म्हणाला, "आपने हमारा घर तोड़ दिया, साब." सरांनी हात जोडले. तो गेला तरी हात तसेच होते.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. रूथ उतरली, मुलाचं बोट धरून. याकोबरावांनी स्वतः फोन करून तिला बोलावलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. ती आत जाऊन मागच्या सतरंजीवर बसली. थोड्या वेळाने नातू उठून तक्त्यावर आला आणि इजिप्तच्या राजांवर बसला. याकोबरावांनी त्याला उचललं नाही. नुसतं पाहत राहिले.

माणसं पांगल्यावर ते सरांना म्हणाले, "साहेब, तुम्ही मला हवं ते सांगून टाकलं असतं, तरी मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं," सर म्हणाले.

"बरं. आता या जागेत लिहू काय? पाचशे सत्त्याऐंशी की पाचशे शहाऐंशी? शास्त्रात एके ठिकाणी राजाचं एकोणिसावं वर्ष आहे, दुसऱ्या ठिकाणी अठरावं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते मला माहीत नाही."

"चार वर्षं केलंत, आणि माहीत नाही?"

"आकाश सांगतं, राजाचं सदतिसावं वर्ष कोणतं. लिहिणाऱ्याने पहिलं वर्ष कुठून मोजायला घेतलं, ते आकाशात लिहिलेलं नाही. वीस वर्षांची शंका गेली. एका वर्षाची राहिली. ती मी काढू शकत नाही."

रूथ दारात उभी होती. सहा नव्हे, आता दहाहून जास्त वर्षांनी ती बापाशी समोरासमोर पहिलं वाक्य बोलली. "असू द्या बाबा. आपल्याला भांडायला एवढं एक वर्ष राहू द्या."

याकोबरावांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मग म्हणाले, "मी शहाऐंशीवाला."

"मी सत्त्याऐंशी," रूथ म्हणाली.

मग ते खरोखरच भांडत राहिले. दर रविवारी. कधी फोनवर, कधी सरांच्या बैठकीत, पुस्तकं घेऊन. सर दोघांचंही ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "अजून बसत नाही." डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण पुढे छातीचं दुखणं निघालं. शिडी बंद झाली. तरी दोघं आले की सर उशीला टेकून बसायचे.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी. काकूंनी पाहून ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा अजून फारसं कोणी आलेलं नव्हतं. धुकं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटर आली. रूथ चालवत होती आणि मागे, तिचा खांदा घट्ट धरून, याकोबराव बसले होते.